तीन नंबरची बरणी

६ जानेवारी

जीभ गेली पण हेका गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी तीस वर्षं वर्गात शिकवली. उदाहरण घरातच होतं, तेव्हा सुचलं नाही.

आज संध्याकाळी पाईप मंडळाचे चिटणीस संजय नगरकर बिबवेवाडीहून आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाच काचेच्या बरण्या. वार्षिक स्पर्धेचा तंबाखू. मंडळात अकरा म्हातारे आहेत. त्यांतले हौशी जानेवारीत आपापलं मिश्रण करून बरणीत घालतात आणि झाकण लावून ती वर्षभर मुरू देतात. पुढच्या जानेवारीत बरण्यांवर नावं नसतात, फक्त नंबर. एकोणीस वर्षं ह्या स्पर्धेचे परीक्षक एकच, आमचे हे.

नगरकर चाचरत म्हणाले, "श्यामराव, यंदा जरा दुसरा परीक्षक बघावा का?"

ह्यांनी पाटी ओढली. लेकीनं, नम्रतानं, खेळण्यांच्या दुकानातून आणून दिलेली, एका पट्टीनं पुसली जाते ती. लिहिलं: "का? मी मेलो?"

ऑगस्टमध्ये ह्यांची निम्मी जीभ कापली. मग किरणांनी उरलेली चव आणि नाकाचा वास, दोन्ही जाळले. जेवण पोटातल्या नळीतून. बोलणं फक्त मला कळतं, आणि मलाही मनात असेल तेव्हाच.

ह्यांनी पुढे लिहिलं: "सुहासिनी ओढेल. मी विचारीन. निकाल मी लिहीन."

"मी?" म्हटलं. "मी आयुष्यात कधी ओढला नाहीये."

पाटी: "चव्वेचाळीस वर्षं माझे पाईप साफ केलेस. पुरे."

नगरकर गेल्यावर ह्यांनी पाटी पुन्हा पुढे केली. पाचातली एक बरणी ह्यांची आहे. आजवर परीक्षक म्हणून कधी भाग घेतला नाही, पण मागच्या जानेवारीत गुपचूप एक मिश्रण करून नगरकरांकडे दिलं. तेव्हा आजाराचा पत्ता नव्हता. जे मिश्रण पहिलं येतं ते मंडळ वर्षभर करतं, आणि डब्यावर करणाऱ्याचं नाव घालतं. ह्यांना ते नाव हवंय. डॉक्टरांनी किती महिने सांगितलेत ते ह्यांनाही माहीत आहे.

"कोणतं ते सांगणार नाही. खरं सांग. दया नको."

'दया'खाली दोन रेघा.

८ जानेवारी

नम्रताचा खराडीहून, ऑफिसमधून फोन. "आई, are you serious? बाबांना ज्यानं झालं तेच तू तोंडात घालणार?"

"पंधरा पाईपांनी काय होतंय," म्हटलं.

"बाबा सांगतात आणि तू करतेस. इतकी वर्षं तेच चाललंय." तिनं फोन ठेवला. तिला काय माहीत, मला करावंसंच वाटत होतं.

नियम असा: एका तंबाखूचे तीन पाईप. पहिला पाईपला सवय व्हावी म्हणून, दुसरा तोंडाला, तिसरा निकालासाठी. प्रत्येक बरणीला वेगळा पाईप, कारण लाकूड जुना वास विसरत नाही. पाचही पाईप मी मीठ आणि ब्रँडीनं घासून दोन दिवस सुकवले. हे काम मला झोपेतही येतं.

स्पर्धा यंदा स्कॉटिश पद्धतीच्या मिश्रणाची. ह्यांचं ह्यावरचं प्रवचन मी चहा देता देता इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. लटाकिया म्हणजे लाकडाच्या धुरावर धरलेलं पान, चुलीसारखा वास. इंग्रजी मिश्रणात ती सगळ्यांच्या डोक्यावर बसते. स्कॉटिश पद्धतीत तिला आवरायला वाफवलेलं मऊ काळं पान, कॅव्हेंडिश, घालतात, आणि गोडीला व्हर्जिनिया. अत्तर नाही, साखर नाही. "आमटीतल्या गोड्या मसाल्यासारखी लटाकिया असावी," हे म्हणायचे. "आहे हे कळावं, कुठे आहे ते कळू नये." आणि मग माझ्याकडे बघून, "तुला आमटीतही जमलं नाही ते."

आज एक नंबर. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी, खोकला. हे समोर मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते. लिहिलं: "हळू. श्वासात नको, तोंडात ठेव."

वीस मिनिटांनी मी म्हटलं, "ओलं गोणपाट. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं: "बरोबर."

चव्वेचाळीस वर्षांत हा शब्द मी ह्यांच्याकडून पहिल्यांदा मिळवला.

१३ जानेवारी

दोन नंबर संपवला. त्यात कुणीतरी व्हॅनिला घातलंय. नवशिका. "पेस्ट्रीच्या दुकानाला आग लागल्यासारखं," म्हटलं. हे खांदे हलवून हसले, पाटीवर तेच लिहून ठेवलं.

मला शब्द सुचताहेत. निबंध तपासताना सुचायचे तसेच.

मार्क द्यायची पद्धत ह्या घराला नवी नाही. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात हे जेवताना म्हणाले, "आमटी साडेपाच." मी हसले. वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी, "भात सहा, कोशिंबीर चार." मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडे लिहायला लागले. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी माझे मार्क. साडेसहाच्या वर कधी गेलेच नाहीत. पाहुणे बघायचे, हसायचे, "वहिनी, श्यामराव फार कडक हो!" मीही हसायचे. आई गेली त्या आठवड्यात माझ्यात उभं राहायची ताकद नव्हती, साधी मुगाची खिचडी टाकली. त्या चौकोनात चार. आणि शेजारी बारीक अक्षरात: "दुःख जास्त, मीठ कमी."

ते कॅलेंडर मी टाकलं नाही. १९९६ चं आहे.

१७ जानेवारी

आज तीन नंबर.

झाकण उघडलं आणि मला कळलं. वासानं नाही, कापणीनं. हे पान कधी मशीनवर कापत नाहीत, माझ्या शिवणाच्या कात्रीनं तिरकं कापतात. त्यावरून आमची किती भांडणं झालीत. बरणीतली प्रत्येक पट्टी तिरकी होती.

मी वर बघितलं नाही. पाईप भरला, काडी लावली. ह्यांचा उजवा पाय एरवी सारखा हलत असतो, तो थांबला.

पहिला पाईप तर नुसता पाईपला सवय व्हावी म्हणून असतो. तरीही. काय सांगू! आधी गोडसर, गवताची गंजी उन्हात तापली की येतो तसा वास. मग मागून धूर, लांबच्या चुलीचा, घरातल्या नव्हे. तो येतोय म्हणेपर्यंत गेलेला. मग काहीतरी मऊ, काळं, सायीसारखं तोंडभर. जीभ जरासुद्धा भाजली नाही. वीस मिनिटांचा पाईप मी चाळीस मिनिटं ओढला.

"कसं?" पाटी. अक्षर थोडं हललेलं.

"अजून पहिलाच आहे. बघू," म्हटलं.

२१ जानेवारी

दुसरा पाईप. पहिल्यापेक्षा चांगला.

"कसं?"

"जरा पातळ वाटतंय," म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं वाद घालतील. घातला नाही.

खरं तर मी खोटं बोलले नाही. कडक मिश्रणाच्या मानानं ते पातळच म्हणायचं. नाजूक म्हणा, पातळ म्हणा. मराठीत दोन शब्द आहेत, शिक्षिका कोणताही वापरू शकते.

२६ जानेवारी

तिसरा पाईपही झाला. मग वाटलं, पुन्हा तपासून बघावं, अन्याय नको व्हायला. म्हणून दुपारी हे झोपले की गॅलरीत अर्धा अर्धा पाईप ओढते. काल, परवा, आज. तपासायचं म्हणून.

आज वेणूबाईंनी पकडलं. ह्यांची नळी आणि अंघोळ बघायला त्या रोज लोणी काळभोरहून येतात. स्वतः मिश्री लावतात, तंबाखूतलं त्यांना माझ्याहून जास्त कळतं. बरणी हातात घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटून उभ्याच राहिल्या.

"ह्यो कुणी केलाय वो बाई?"

"का?"

"लई मन लावून केलाय. ज्यानं केलाय त्याला सांगा तरी."

"आपलं काम बघा," म्हटलं. उगाच तुटकपणे बोलले. नंतर त्यांना चहा जास्त साखर घालून दिला.

२ फेब्रुवारी

निकाल लिहिला. चार नंबर तंबाखू नव्हे, शिक्षा होती. पाच नंबर बरा, कुणीतरी पुस्तक वाचून केल्यासारखा, सगळं जागच्या जागी आणि जीव नाही. त्याला सात दिले.

मग तीन नंबर. ह्यांनी टाक उचलला, दौतीत बुडवला. निकाल अजून टाकानं लिहितात, नखरा.

"चार," म्हटलं.

टाक कागदावर टेकला नाही.

"शेरा: कष्ट दिसतात, चव दिसत नाही."

ह्यांनी टाक ठेवून पाटी घेतली. "नक्की?"

"नक्की."

"तिन्ही पाईप?"

"अहो, तिन्ही. मी का खोटं सांगू? तुम्हीच म्हणालात, दया नको."

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हटवली नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तीस वर्षं पोरींच्या डोळ्यांत बघितलंय, नजर कशी धरायची मला कुणी शिकवायला नको. मग ह्यांनी सुंदर वळणदार अक्षरात चार लिहिले. शेराही माझ्याच शब्दांत. टिपकागद ठेवून दाबला.

मला वाईट वाटलं का? लिहायचं तर खरं लिहावं. भूक सपाटून लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

९ फेब्रुवारी

नगरकरांच्या गच्चीत निकाल. ह्यांना व्हीलचेअरवरून नेलं, गळ्याला मफलर. निकाल नगरकर वाचतात. शेऱ्यांना हसायची मंडळाची रीतच आहे, ह्यांच्या शेऱ्यांसाठीच लोक येतात. गोणपाटाला हसले, पेस्ट्रीला टाळ्या पडल्या.

तीन नंबरला नगरकर अडखळले. बरणी कुणाची ते मंडळात त्यांना एकट्याला माहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "कष्ट दिसतात, चव दिसत नाही." गच्ची खो खो हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "कोण तो बिचारा? उभा राहा!"

हेही हसले. तोंड वाकडं होतं आता हसताना, लाळ आली. मी पुसली.

पाच नंबर पहिला. दातांचे डॉक्टर आहेत, त्यांचं नाव डब्यावर लागेल.

परत येताना गाडीत ह्यांनी मांडीवर पाटी घेतली. "बरं झालं तुला विचारलं. हे सगळे मरणाऱ्याला म्हणून नऊ देऊन मोकळे झाले असते. तू एकटी खरं बोललीस." आणि माझ्या हातावर हात ठेवला. शेवटचा असा कधी ठेवला होता, आठवत नाही.

मी बाहेर बघत राहिले. सिग्नलला फार वेळ लागला.

१० फेब्रुवारी

"तीन नंबर फेकून दे," पाटीवर.

फेकला म्हणून सांगितलं. पोह्यांच्या डब्यामागे ठेवलाय.

रात्री बराच वेळ झोप लागली नाही. सांगून टाकावं का? मग वाटलं, सांगून काय होणार, निकाल तर लागला. आणि मला एकदा तरी कुणी येऊन सांगितलं का, की ती खिचडी बरी होती?

२७ फेब्रुवारी

नगरकर एकटेच आले, हे झोपलेले असताना. उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, बरणी माझ्याकडे आली तेव्हा मी त्यातला एक पाईप ओढला होता. नियमात बसत नाही, पण ओढला. नऊच्या खाली काही दिसेना मला."

"परीक्षक तुम्ही की मी?"

"तुम्ही."

"मग झालं तर."

ते पायात चपला घालताना म्हणाले, "अजून वेळ आहे वहिनी. घरातल्या घरात सांगितलंत तरी चालेल." मी दार लावून घेतलं. काय माणसं असतात, दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायला बरी.

७ मार्च

बरणीत दोन पाईपांपुरतं उरलंय. रोज अर्धाच ओढते, तरी संपत आलं. दुपारचा तो अर्धा तास मला आता लागतो. मंडळाचा पाच नंबर आणवला, तोंडात धरवेना. ह्या मिश्रणाचं प्रमाण कुठे लिहिलेलं नाही. ह्यांच्या सगळ्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या. ते फक्त ह्यांच्या डोक्यात आहे, आणि ह्यांची तब्येत आठवड्याआठवड्यानं खाली चाललीय.

म्हणून आज विचारलं. अगदी सहज, उशी सारखी करता करता. "अहो, त्या तीन नंबरमध्ये लटाकिया किती घातली होती हो तुम्ही?"

ह्यांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग हातांकडे. माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला पिवळा डाग पडलाय. पदराखाली घेतले.

पाटीवर लिहिलं: "किती उरलंय?"

मी म्हणायला हवं होतं, फेकलं की. तोंडून निघून गेलं, "दोन पाईप."

ह्यांनी पट्टी ओढून पाटी पुसली. दिवसभर पुन्हा हातात घेतली नाही. मी चार वेळा खोलीत गेले, भिंतीकडे तोंड करून पडले होते. खांदे हलत होते. खोकला असेल. रात्री जवळ जाऊन म्हटलं, "अहो, चुकलं माझं." ऐकलं की नाही, कळलं नाही.

८ मार्च

माफ केलं! सकाळी उठून स्वतः कागद आणि टाक मागितला. तासभर लागला, मध्ये दोनदा हात गळाला, पण सगळं प्रमाण वळणदार अक्षरात लिहून दिलं. लटाकिया साठ भाग. व्हर्जिनिया तीस. उरलेले दहा भाग काळ्या मिरीसारखं तिखट पान. एक चमचा व्हिनेगर शिंपडायचं. कॅव्हेंडिश नाही.

"लटाकिया इतकी?" विचारलं.

"मुरली की निवते."

खाली लिहिलं: "सुहासिनीसाठी." कधी काही माझ्यासाठी म्हणून लिहिलं नव्हतं ह्या माणसानं. मी मोरीत जाऊन रडले.

२२ मार्च

ह्यांच्या कपाटातल्या पानांतून पहिली बरणी केली. दोन आठवडे ठेवली. ह्यांनी समोर बसून ओढायला सांगितली. तिसऱ्या झुरक्याला घसा धरला, जिभेला चटका बसला, पोटात ढवळून आलं. ठेवून देत होते तर पाटी वर केली: "पूर्ण."

पूर्ण ओढला. तासभर लागला. बेसिनवर उलटी करून आले.

"किती?"

"तीनसुद्धा नाही हो. काय चुकलं माझं?"

हे हसले. ऑगस्टनंतर इतकं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वेणूबाई धावत आल्या. मलाही हसू आलं, माझी फजिती बघून का होईना, हसले तरी.

"पुन्हा कर."

८ एप्रिल

दुसरी बरणी. वजनकाट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजून. आधीपेक्षा वाईट. पूर्ण ओढायला लावलं. जीभ सोलवटलीय, गरम आमटी लागत नाही. नम्रता येऊन रडून गेली. "बाबा, तिला थांबवा ना, please," म्हणाली. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "तिला आवडतं."

तीन नंबरचा राखून ठेवलेला शेवटचा पाईप परवा ओढला. बरणी धुतली नाही, नुसतीच उघडून वास घेते.

१९ एप्रिल

पहाटे हे गेले. काल संध्याकाळी तिसऱ्या बरणीचा पाईप ओढून दाखवला होता. पाटीवर शेवटचं तेच होतं, "पुन्हा कर." नम्रताला म्हटलं, पुसू नकोस. तिनं गर्दीत पुसली की कुणी पट्टी ओढली, कळलं नाही.

१५ जून

आठ बरण्या झाल्या. एकही जमली नाही. पाणी बदलून पाहिलं, व्हिनेगर बदललं, पानं उन्हात, सावलीत, दोन्हीकडे सुकवून पाहिली.

आज नगरकरांना बोलावून तो कागद दाखवला. ते बराच वेळ वाचत बसले. म्हणाले, "वहिनी, ह्यात कॅव्हेंडिश नाही. साठ भाग लटाकिया. हे स्कॉटिश नाहीच. हे कुणालाच ओढवणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बरणीत हे नव्हतं."

मला असा संताप आला! म्हटलं, "मरायला टेकलेल्या माणसानं तासभर बसून स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. खाली माझं नाव घातलंय. तो बायकोला खोटं लिहून देईल?"

नगरकर माझ्याकडे बघतच राहिले. कागदाची घडी माझ्या हातात दिली, चहाही न घेता गेले.

श्यामरावांचं मिश्रण चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. चुकत असेन तर मीच. मग लक्षात आलं, मी वेळच देत नाहीये. हे म्हणालेच होते, मुरली की निवते. नववी बरणी आज केली, अगदी कागदाबरहुकूम, वर मेणाचं सील लावलं. पुढच्या जूनपर्यंत उघडायची नाही. वर्ष काय, बघता बघता जाईल. तोवर तोंडाला दुसरं काही लावणार नाही.